रिझर्व्ह

स्कूटर आचके द्यायला लागली की बाबा वेग कमी करायचे, एक हात सीटखाली घालायचे आणि पेट्रोलचा कॉक फिरवायचे. दोन-चार ठसके देऊन इंजिन पुन्हा लायनीवर यायचं. मागून आई विचारायची, "लागली का रिझर्व्हला?" बाबा बोलायचे नाहीत. पुढे उभ्या असलेल्या माझ्या टाळूला त्यांची हनुवटी टेकायची, त्यावरून त्यांनी मान हलवल्याचं मला कळायचं. मधे चेपून बसलेल्या ताईला काहीच कळायचं नाही. औरंगाबादच्या सिडकोतून शहागंजात जाताना किंवा तिथून येताना, महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर हा प्रसंग ठरलेला. टाकीत आता थोडंच उरलंय हे ज्याला माहीत असतं तो माणूस वेगळ्या तऱ्हेने गाडी चालवतो. उतारावर इंजिन बंद करतो. लांबूनच सिग्नलचा अंदाज घेतो. बाबा महिनाभर तशीच चालवायचे.

माझ्या दारात आज जी गाडी उभी आहे तिला रिझर्व्ह नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गाडी आहे २०१६ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस. पेट्रोल, सहा गिअरची, एस्टेट. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, रेडिंगला. मुलगा वर्षाचा झाला तेव्हा, २०१८ मध्ये, दोन वर्षं वापरलेली अशी ही गाडी घेतली आणि त्याच रात्री उत्साहाने घरी फोन केला.

"आई, एस्टेट घेतली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळू आवाजात, "किती गुंठे?"

आईची चूक नव्हती. मराठीत इस्टेट म्हटलं की डोळ्यांपुढे सातबारा, वाटणीपत्र आणि एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ येतात. डिकी येत नाही. आणि खरं तर इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही जमीनच आहे. मोठमोठ्या जहागिरींवर शिकारीला येणारे पाहुणे, त्यांच्या बंदुका, कुत्रे आणि ट्रंका वाहून नेणारी ती एस्टेट कार. अमेरिकेत तेच काम रेल्वे स्टेशनपासून घरापर्यंत करायचं असे, म्हणून तिथे ती स्टेशन वॅगन झाली. जर्मन लोक कोंबी म्हणतात, फ्रेंच ब्रेक म्हणतात. नावं काही असोत, घडण एकच: साध्या मोटारीचं छप्पर मागे ओढत थेट शेपटीपर्यंत न्यायचं आणि त्याखाली जी पोकळी तयार होईल तीत संसार कोंबायचा.

आपल्याकडे मात्र ह्या जातीचं नशीब फुटकं. टाटांनी १९९२ मध्ये 'एस्टेट' ह्याच नावाची गाडी काढून पाहिली. पुढे मारुतीची बलेनो अल्ट्युरा आली, २००४ मध्ये इंडिगोची मरीना आली. सगळ्या चांगल्या, उपयोगाच्या, आणि सगळ्या गुपचूप निघून गेल्या. कारण आपल्या मनात मोटारीचं चित्र पक्कं आहे. पुढे नाक हवं, मधे माणसं हवीत आणि मागे पेटीसारखी वेगळी डिकी हवी. माणसं आणि सामान एकाच छपराखाली आलं की तो टेम्पो झाला. बाबांनी व्हिडिओ कॉलवर गाडी पुढून पाहिली, बाजूने पाहिली. मी फोन मागे नेला तेव्हा म्हणाले, "मागून अँब्युलन्स दिसते रे." मग थोडं थांबून, "आपल्या गावात एका दिवसात दीडशे मर्सिडीज आल्या, आणि तू विलायतेत जाऊन स्कोडा घेतलीस."

दीडशे मर्सिडीजची ती गोष्ट २०१०ची. औरंगाबादच्या व्यापारी-उद्योजक मंडळींनी एकत्र येऊन एकदम तेवढ्या गाड्या घेतल्या होत्या आणि देशभर त्याची बातमी झाली होती. बाबांनी त्यांतली एकही जवळून पाहिलेली नव्हती, पण अभिमान पुरेपूर. मला मात्र औरंगाबादकराने स्कोडा घेण्यात काहीच वावगं वाटेना. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि तिथे जुळलेली पहिली गाडी ऑक्टेव्हियाच होती. जालना रोडवर त्या नव्याकोऱ्या गाड्या दिसायला लागल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. चहाच्या टपरीवर उभे राहून आम्ही त्यांच्या दाराचा आवाज ऐकायचो. दार लागताना 'धप्' असा एकच जाड आवाज व्हायचा, जसा जुन्या गोदरेजच्या कपाटाचा होतो. २००४ मध्ये तिचीच आरएस आली, टर्बो पेट्रोल इंजिनाची. कुणीतरी म्हणालं, आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. आम्ही तो शब्द दोन दिवस चघळला. गाडी घ्यायचं स्वप्न वगैरे पडलं नाही. टपरीचे पैसे कुणी द्यायचे हाच तेव्हा रोजचा प्रश्न असे.

इथे इंग्लंडात स्कोडाचं नाव काढलं की साठीच्या पुढची माणसं गालात हसतात. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून मला तो जुना विनोद ऐकवला. स्कोडाच्या मागच्या काचेला गरम करायची सोय कशाला असते? ढकलताना हात गारठू नयेत म्हणून. हे विनोद ऐंशीच्या दशकातले, झेकोस्लोव्हाकिया पोलादी पडद्याआड होता तेव्हाचे. १९९१ पासून कंपनी फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली आणि विनोद हळूहळू शिळे झाले. आता इथले बरेच पोलीस हीच गाडी वापरतात, व्हीआरएस एस्टेट, पिवळ्या-निळ्या चौकटींनी रंगवलेली. त्यामुळे मोटरवेवर माझी राखाडी गाडी आरशात दिसली की पुढचे काही चालक आपोआप सभ्य होतात. आजोबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आता ढकलायला चोरांना लावत असतील.

गाडीचे आकडे सांगतो आणि मोकळा होतो. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २२० अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटर गाठायला सात सेकंदांच्या आसपास. बाबांची ती स्कूटर, चेतक, सुमारे साडेसात अश्वशक्तीची होती, म्हणजे ह्या एका बॉनेटखाली एकोणतीस चेतक बांधलेल्या आहेत. आणि मागे ६१० लिटरची डिकी. मागची सीट पाडली की १,७४० लिटर.

ह्या एकोणतीस चेतक रोज सकाळी काय करतात? मुलीच्या दप्तरासकट, मुलाच्या एका हरवलेल्या मोज्यासकट शाळेत जातात. शाळेच्या रस्त्यावर मर्यादा ताशी वीस मैल, म्हणजे बत्तीस किलोमीटर. त्या रांगेत इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर गुरगुरत असतं, लग्नाच्या वरातीत बँडमागे चालवलेल्या घोड्यासारखं. मधूनच कान टवकारतं, पुन्हा मान खाली घालतं.

त्या गुरगुरण्याचीही एक गंमत आहे. ते सगळं इंजिनाचं नाही. पुढच्या काचेच्या पायथ्याशी एक छोटं यंत्र बसवलेलं असतं, ते काचेला कंप देऊन इंजिनाचा आवाज आत बसलेल्यांना जास्त भारदस्त ऐकवतं. हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही फोनवर ऑफिसशी बोलता तेव्हा आवाज कसा बदलतो तुमचा? मी काही बोलते का?"

तिचा गाडीवर राग नाही, पण तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ही गाडी साध्या ऑक्टेव्हियापेक्षा जमिनीला जरा जास्त चिकटून असते, स्प्रिंगा ताठ, टायरची कड बोटभर. वळणावर त्याचं सुख चालवणाऱ्याला मिळतं, खड्ड्यातलं दुःख सगळ्यांना सारखं वाटून मिळतं. मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा धरून बसलेल्या माणसाला जास्त. इंग्लंडात खड्डे नसतात अशी समजूत भारतातून येताना मी बरोबर आणली होती. ती पहिल्याच हिवाळ्यात गेली. टायरच्या भिंतीला सुपारीएवढं टेंगूळ आणून गेली.

"ही गाडी घरासाठी घेतली की तुमच्यासाठी?" बायकोने दुकानातच विचारलं होतं. मी डिकीकडे बोट दाखवलं होतं. डिकी हे माझं वकीलपत्र होतं. आमच्या वयाचे सगळे तेव्हा उंच, एसयूव्ही थाटाच्या गाड्या घेत होते. पण उंच गाडीचा डिकीचा उंबरठाही उंच असतो. हिचा गुडघ्याच्या वर जेमतेम. हीथ्रोला आई-बाबा उतरतात तेव्हा तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा असतात आणि चारांतल्या दोन तरी मेतकूट, भाजणी, कुरडया आणि 'असू दे' ह्या नावाच्या वस्तूंनी भरलेल्या असतात. त्या बॅगा उचलाव्या लागत नाहीत. टेकवायच्या, कलत्या करायच्या आणि आत ढकलायच्या, घरात पोतं सरकवतात तशा.

दर वसंतात मी डिकी रिकामी करून झाडतो. घराचा जमाखर्च वहीत सापडत नाही इतका तिथे सापडतो. फुटबॉलच्या बुटांतून पडलेले चिखलाचे साचे, सुकून खुळखुळणारे. समुद्राची वाळू. कापूस भरलेल्या अस्वलाचा एक डोळा. कुठल्याशा फर्निचरचा जादा स्क्रू, ज्याच्यावाचून ते फर्निचर गेली पाच वर्षं नीट उभं आहे. तूरडाळीचे दाणे. आणि कोपऱ्यात, जाळीच्या कप्प्यात, सुकून दोऱ्यासारख्या झालेल्या दूर्वांची एक जुडी.

त्या दूर्वा २०२३च्या. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मूर्ती आणायला आम्ही आदल्या रविवारी वेंब्लीला गेलो. लंडनमध्ये जुन्या, धुरकट गाड्यांना रोज साडेबारा पौंड भरावे लागतात. आधी हा नियम फक्त शहराच्या मध्यभागी होता, २०१९ पासून. मग २०२१ मध्ये तो पसरला आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून साऱ्या लंडनला लागू झाला. बरोबरीच्या मित्राची गाडी डिझेलची, २०१३ची. त्याला गणपती आणायला साडेबारा पौंड पडले. "मूर्तीच्या आधी दक्षिणा दिली," असं तो वर्षभर सांगत होता.

आम्ही डिझेल घेतलं नाही त्यात आमची फार मोठी दूरदृष्टी नव्हती. खरं म्हणजे इथेही एस्टेट म्हटली की डिझेल, असंच समीकरण होतं. ओझं वाहायचं, लांब जायचं, तेल कमी प्यायचं. पण सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत केलेली लबाडी उघडकीला आली आणि लोकांचा डिझेलवरचा विश्वास उडाला. शिवाय डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून लांबवर, तापेपर्यंत चालावी लागते. आमचा रोजचा प्रवास शाळा, स्टेशन, भाजी. एवढ्यात इंजिन कोमटसुद्धा होत नाही. तेव्हा पेट्रोल. हे सगळं कारण खरं आहे. आणि चाचणीला नेली तेव्हा तिसऱ्या गिअरात पाय दाबल्यावर पोटात जे झालं, ते कारण मी बायकोला सांगितलं नाही.

तर गणपती. शाडूची मूर्ती, फूटभर उंच. दुकानदाराने पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून दिली, पण मुलाला ते पसंत पडलं नाही. बाप्पाला दिसणार कसं? मग खोकं उघडं ठेवलं. डिकीत गादीची घडी, तिच्यावर खोकं, दोन्ही बाजूंनी उशा, सामान घसरू नये म्हणून असलेल्या हुकांना आईच्या जुन्या साडीचा पट्टा बांधून त्याला आवळलं. मुलगी मागच्या सीटवर उलटी वळून पहारा देत होती. "बाबा, हलले. बाबा, सोंड हलली." मी मोटरवेवर डाव्या लेनला, ट्रकांच्या मागे, ताशी पन्नास मैलांवर. प्रत्येक सांधा आधी डोळ्यांनी चाचपायचा, मग चाक त्यावर न्यायचं. गोल चौकात तर मी असा वळलो की मागच्याने हॉर्न वाजवला, आणि इंग्लंडात हॉर्न वाजवणं म्हणजे कानाखाली देण्यासारखंच.

घरी पोचायला दुप्पट वेळ लागला. दाराशी गाडी लावली तेव्हा माझ्या पाठीला घाम होता. बायको औक्षणाचं ताट घेऊन उभी, मी डिकीचं दार वर केलं आणि ते छपराच्या वर, मखरासारखं, अलगद उघडून थांबलं. मूर्ती जशीच्या तशी. हातावरचा लाडूसुद्धा हलला नव्हता. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी मी चालवायला शिकलो. जोरात पळवणं सोपं असतं, ते गाडीच करते. ताकद असून ती आवरून धरताना मात्र चालवणारा कामी येतो.

वेगाला आणि संसाराला एका छपराखाली आणायचा खटाटोप पूर्वीही झालेला आहे. १९९४ मध्ये व्होल्वोने इथल्या टूरिंग कार शर्यतीत चक्क ८५० ही एस्टेट उतरवली. दोन लांबलचक डबे, रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स ते चालवत, आजूबाजूला नेहमीच्या मोटारी. लोक हसले. एका शर्यतीआधीच्या फेरीत त्यांनी म्हणे मागे कापडी कुत्रा बसवला होता, म्हणजे हसणाऱ्यांची सोय झाली. त्या डब्यांनी एकही शर्यत जिंकली नाही. पुढच्या वर्षी ते निमूट साध्या गाडीवर आले. पण तीस वर्षांनंतर त्या हंगामात कोण जिंकलं ते किती जणांना आठवतं? डबे सगळ्यांना आठवतात. त्याच वर्षी आउडीने पोर्शेच्या मदतीने आरएस२ अव्हांट काढली, ३१५ अश्वशक्तीची एस्टेट. किराणा आणायला गेलेल्या माणसाच्या हाताखाली इतकी ताकद द्यायची काय गरज, असं कुणी विचारलं असेल. उत्तर मला अजून कुठे छापील सापडलेलं नाही. ते मला मिळालं बाबांकडून.

बाबांचा ह्या गाडीबद्दलचा एकच कायमचा प्रश्न होता. "अ‍ॅव्हरेज किती देते?"

मराठी माणसाच्या तोंडून निघणारा हा मोटारशास्त्रातला पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न. इथे हिशेब उलटासुलटा आहे. पेट्रोल लिटरवर घ्यायचं, अंतर मैलांत मोजायचं आणि सरासरी गॅलनवर सांगायची. माझी गाडी गॅलनला पस्तीसच्या आसपास मैल देते. ते मी बाबांना साडेबारा किलोमीटर असं करून सांगितलं. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले. "साडेबारा," ते म्हणाले, परीक्षेत नापास झालेल्या मुलाचे मार्क म्हणावेत तसे. पुढे दर कॉलला ते विचारायचे, जणू काही दिवसांनी तिची प्रकृती सुधारेल. सुधारली नाही. "चेतक चाळीसच्या वर द्यायची," असं ते म्हणायचे आणि त्यात फुशारकी नसायची. त्या चाळिसावर आमचं घर चाललेलं होतं. चेतक आमची एस्टेट होती. तिच्यावरून गॅसची टाकी आली, दळण आलं, दिवाळीची माती आली, आईच्या मांडीवरून गणपती आला. बाळंतपणाला ताई माहेरी आली ती बसस्टँडवरून रिक्षाने आली, पण तिची ट्रंक चेतकवरून आली. त्या सगळ्यांत बाबांनी चाळिसाच्या वर काटा नेल्याचं मला आठवत नाही.

एका जूनमध्ये आई-बाबा इथे आले तेव्हा आम्ही वेल्समध्ये गेलो. मुलीची परीक्षा होती, म्हणून ती आणि तिची आई घरी. गाडीत मी, बाबा पुढे, आई आणि मुलगा मागे. मर्थर टिडफिल सोडलं की ए४७० हा रस्ता ब्रेकनच्या डोंगरांतून चढत जातो. कडेला तलाव, मग झाडी संपते आणि उघडे हिरवे डोंगर सुरू होतात, मेंढ्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. तिथलं सर्वांत उंच शिखर पेन-इ-फॅन, ८८६ मीटर. "कळसूबाईच्या निम्म्याला जरा वर," बाबा म्हणाले. त्यांना कळसूबाईची उंची पाठ आहे. आई झोपली होती. मुलगा तिच्या दंडावर डोकं टाकून झोपला होता.

चढ संपता संपता पुढे ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉलीत गवताचे गोल गठ्ठे. ताशी पंचवीस मैल. आम्ही त्याच्या मागे बरंच चाललो. मग वळण सुटलं आणि समोर सरळ, मोकळा रस्ता, लांबपर्यंत कुणी नाही. मर्यादा साठ मैलांची. मी आरसा पाहिला, तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

टर्बो गाडीत एक अर्धा श्वास असतो, काहीच होत नाही असा. मग पाठीमागून कुणीतरी तळहात ठेवून ढकलल्यासारखं होतं. ट्रॅक्टर खिडकीतून मागे गेला, गवताचा वास आत येऊन गेला, काटा साठावर आला आणि मी पाय सोडून आपल्या लेनमध्ये परतलो. पाचेक सेकंदांचा मामला. मागे आई जागी झाली नाही.

पण त्या पाच सेकंदांत मला बाजूला काहीतरी दिसलं होतं. बाबांनी डाव्या हाताने दाराचा कठडा धरला होता, आणि मी गिअर टाकला तेव्हा त्यांचं डावं मनगट खाली वळलं. चेतकचा गिअर डाव्या मुठीत होता. क्लच दाबायचा आणि मूठ फिरवायची. वीस वर्षं झाली असतील ती स्कूटर विकून. मूठ अजून गिअर टाकत होती.

बरंच अंतर कुणी बोललं नाही. मग बाबा समोर बघतच म्हणाले, "वाळूजला तिसरी पाळी असायची तेव्हा सकाळी सातला सुटायचो. पंढरपूर सोडलं की नगर नाक्यापर्यंत रस्ता रिकामा असायचा." वाळूजशेजारीही एक पंढरपूर आहे, औरंगाबादकरांना ते लगेच कळतं. मी काही बोललो नाही. "रिकामा म्हणजे, अगदी रिकामा. सत्तरच्या पुढे गेला होता काटा एकदा. हँडल थरथरायचं."

"एकदाच?"

"नाही," बाबा म्हणाले. "रोज. त्या पाळीला रोज."

म्हणजे महिनाभर सगळ्यांना घेऊन चाळिशीत चालणाऱ्या त्या स्कूटरवर, पंचवीस तारखेनंतर कॉक फिरवणाऱ्या माणसाने, एक जागा राखून ठेवलेली होती. पंढरपूर ते नगर नाका. आम्हाला कुणाला ती कधी दिसली नाही. त्याच्या टाकीतलं हे पेट्रोल तो कुणाच्या हिशेबात धरत नसावा. धरलं असतं तर आमच्या चाळिसाचा हिशेब जुळला नसता, आणि तो तर दर महिन्याला जुळायचा.

गाडी उताराला लागली. खाली ब्रेकनची घरं दिसायला लागली. बाबा पुढे वाकले आणि स्पीडोमीटरच्या मधल्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, "त्यात दाखवतं ना रे, आत्ता किती पितेय ते?"

"दाखवतं."

"मगाशी, त्या ट्रॅक्टरच्या वेळी, किती होतं अ‍ॅव्हरेज?"

मी पाहिलेलं होतं. "चार," मी म्हणालो. "लिटरला चार."

बाबांनी तो आकडा ऐकला. काचेतून दूर, मागे पडलेल्या डोंगराकडे एकदा पाहिलं.

"चालतं," ते म्हणाले.